गडाखालचं रान

“बाई, ऐकलासा काय? आमच्या म्हायारात परत जुंपली.”

गडहिंग्लजला आमच्या दोन घरांमध्ये जी भिंत आहे ती आक्कांच्या हनुवटीपर्यंत येते. भिंतीवर त्यांचं नुसतं डोकं दिसलं, की ताजी बातमी आली म्हणून समजायचं. आक्कांचे मालक सुभेदार, मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. आमचे अण्णा तलाठी होते आणि मी हायस्कूलला इतिहास शिकवायची. त्यामुळे या भिंतीवरचा विषय भाजीपासून निघाला तरी पलटण, सातबारा नाहीतर शिवाजी महाराज यातल्या एका ठिकाणी जाऊन पोचतोच. परवा तो तिन्ही ठिकाणी गेला.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“थोरल्यानं धाकट्याला वकिलाची नोटीस धाडलीया. म्हंतोय, गडाखालचं रान इनामाचं, आणि इनाम थोरल्या पातीकडंच ऱ्हातंय. तुझा काय संबंध? आता माझा धाकटा भाऊ काय गप बसणार? त्येनं ट्रंकेतली सनदच पळवली.”

“सनद आहे तुमच्याकडे?”

“हाय म्हंजे! म्हाराजांनी आमच्या वाडवडलांस्नी दिलेली. सोन्याच्या अक्षरात.”

“तुम्ही पाहिलीय?”

“पिशवी बघितलीया,” आक्का म्हणाल्या. “दसऱ्याला पूजा व्हायची. पिशवी सोडायची न्हाई असा बा चा हुकूम.”

तर धाकट्याने ती पिशवी सोडली होती. आतला कागद मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतला होता, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवला होता. आक्कांनी फोन भिंतीवरून माझ्या हातात दिला. पिवळट जाड कागद, घडीवर झिजून फाटलेला. वर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या आणि त्या रेघांना लोंबकळल्यासारखं काळ्या शाईतलं, हात न उचलता ओढत नेलेलं मोडी. सोनं कुठेच नव्हतं. खाली गुरुजींनी बाळबोधीत करून दिलेला मजकूर होता. त्यात छत्रपतींच्या कृपेचे शब्द कमी आणि अटी जास्त. अमुक बुरुजावर एक असामी हजर ठेवावी, रात्रीचा पहारा चुकवू नये, चाकरी करावी आणि रान खावं. चाकरीत कसूर झाली तर रान सरकारात जमा.

आक्कांनी हे तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “मग आता पहाऱ्याला कोण जाणार ओ? थोरल्याचं दोन्ही गुडघं गेल्यात. आणि धाकटा तर नळाला पाणी आलं तरी उठत न्हाई.”

“आक्का, हा गडकऱ्याचा कागद आहे. तुमचे पूर्वज सामानगडाच्या शिबंदीत असणार.”

“म्हंजे शिवाजी म्हाराजांचं शिपाई.”

“गडाचे शिपाई. आणि खरं सांगू का, महाराज शिपायाला जमीन द्यायच्या विरुद्धच होते.”

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, कारण आक्कांचा चेहराच पडला. पण आता मागे फिरता येत नव्हतं. मी सांगितलं, की सभासदाच्या बखरीत याबद्दल चांगलं वर्णन आहे. हा कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या दरबारातला माणूस, आणि बखर त्याने 1697 मध्ये जिंजीला बसून लिहिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे महाराजांनी सैन्याला गावं तोडून दिली नाहीत, पगार खजिन्यातून रोख किंवा वराता देऊन भागवला. देशमुख-पाटलांनी गावोगाव हुडे-वाडे बांधून जी राजेशाही मांडली होती तीही मोडली. कारण अगदी व्यवहाराचं आहे. ज्या सरदाराला गाव दिलं, तो त्या गावाचा राजा होतो. रयत त्याला घाबरते आणि राजाला ओळखत नाही. पुढं चाकरी करायचा कंटाळा आला तरी गाव त्याच्याचकडे राहतं.

“मग आमच्या वाडवडलांस्नी कशी दिली?”

“गडावरची गोष्ट निराळी होती. ग्रँट डफ म्हणून सातारला इंग्रजांचा रेसिडेंट होता, त्याने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात आहे, की गडाच्या शिबंदीला गडाच्या पायथ्याची रानं वंशपरंपरेने लावून दिलेली असायची. बापानंतर मुलाने गड राखायचा आणि त्याच रानावर जगायचं.”

यात मेख होती, ती आक्कांना बरोबर कळली. “आपलं रान गडाखाली आसलं की माणूस गड सोडून पळत न्हाई,” त्या म्हणाल्या. “जोंधळा हुबा आसतोय की खाली.”

हे मला डफच्या पुस्तकातल्यापेक्षा चांगलं वाटलं. गडाखाली नुसते मराठेच नव्हते. तटाच्या आत, बुरुजावर, मेटावर वेगवेगळ्या जातींची माणसं वाटून दिलेली असत. रामोशी, बेरड, महार, मांग गडाच्या घेऱ्याची, चोरवाटांची राखण करीत. प्रत्येकाचा जोंधळा कुठल्या ना कुठल्या तटाखाली उभा असायचा.

पण हे सगळं महाराज असेपर्यंतचं. 1689 मध्ये संभाजी महाराजांना मारलं, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि खजिना उरलाच नाही. तिकडे औरंगजेब मराठा सरदारांना वतनं आणि मनसबी देऊन फोडत होता. मग रामचंद्रपंत अमात्यांना आणि शंकराजी नारायणांना तेच करणं भाग पडलं. ज्याने मुलूख सोडवला, त्याला त्यातला मोकासा. 1691 चा हणमंतराव घोरपड्यांचा करार यातला सगळ्यात गमतीचा. सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केला, पण हप्त्याहप्त्याने. रायगड घेतला की इतका, विजापूर घेतलं की इतका, भागानगर, औरंगाबाद, आणि सगळ्यात मोठा हप्ता दिल्ली घेतल्यावर!

आक्का फोन पदराने पुसत होत्या, त्या थांबल्या. “आणि त्येवढ्यात हातात काय होतं?”

“हातात जिंजीचा किल्ला होता आणि त्यालाही मोगलांचा वेढा पडला होता.”

“म्हंजे बिल्डरनं पाया खणायच्या आधीच फ्लॅट बुक केल्यागत झालं की.”

अगदी तसंच. फरक एवढाच, की हे लोक खरोखर दिल्लीपर्यंत गेले. फक्त दिल्ली हाती यायला साठ-सत्तर वर्षं लागली, आणि बुकिंग करणारे दोन्ही पक्ष तोवर हयात नव्हते. रामचंद्रपंत मात्र पुढे शहाणे झाले. आज्ञापत्रात त्यांनीच बजावून ठेवलंय, की वतनदार म्हणजे राज्याचे छोटे भागीदारच, त्यांना जपून हाताळावं आणि चाकरीबद्दल जमीन इनाम देत सुटू नये. वेळ आल्यावर स्वतः मुलूख वाटलेल्या माणसाने हे लिहावं, यातच सगळं आलं.

इतक्यात अण्णा चहाचा कप घेऊन भिंतीपाशी आले. तलाठ्याला इनाम हा शब्द ऐकू आला, की तो घरात बसत नाही.

“आक्का, सरंजाम आणि इनाम वेगळं बरं का,” त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. “सरंजाम म्हणजे जमीन नव्हे, जमिनीचा वसूल. तोही फौज पोसण्यासाठी. अमुक इतके स्वार, इतके घोडे, कधी हजर व्हायचं, सगळं तैनात जाबत्यात लिहिलेलं. पेशवाईत सरदार मेला की सरंजाम पेशव्यांकडे परत. मुलाला हवा तर नजर भरून नव्याने करून घ्यायचा. पटवर्धन, रास्ते, विंचूरकर, शिंदे, होळकर, सगळे याच बोलीवर.”

“कागदावर शंभर घोडे आणि हजिरीला साठ,” मी म्हटलं.

“आणि त्या साठांतले वीस शेजाऱ्याचे,” अण्णा म्हणाले. “नंतर नंतर नुसतं नाव सरंजाम राहिलं. शिंद्यांचं सैन्य ग्वाल्हेरला, आणि सरंजाम परत घ्यायची कुणाची टाप होती पुण्याची?”

लढाईत शिपाई पडला तर काय, असं आक्कांनी विचारलं. हा प्रश्न सुभेदारीणच विचारू शकते. तेव्हा बालपरवेशी म्हणून एक सोय होती, असं मी सांगितलं. पडलेल्याच्या पोरांना वाढवण्यासाठी पेशव्यांकडून नेमणूक व्हायची. कधी रोख, कधी एखाद्या गावच्या वसुलातून. पेशवे दफ्तरात अशा नोंदी आहेत.

“आमच्या बाबतीत पेन्शन पेपर आला तवा मी पंधरा दिवस ऑफिसात बसलो होतो,” आक्का म्हणाल्या. “तवाच्या बाईला पुण्याला जाऊन बसावं लागत आसंल.”

मग मी सामानगडाकडे वळले, कारण आक्कांच्या कागदाचं पुढचं प्रकरण तिथंच होतं. आपल्या शाळांतून सामानगडाची सहल जाते, मुलं कातळातल्या विहिरी बघतात, भाकरी खातात आणि परत येतात. 1844 सालचं कुणी सांगत नाही. तेव्हा कोल्हापूरचे महाराज अल्पवयीन होते आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित नावाचा कारभारी नेमला होता. माणूस हिशेबाला पक्का असावा. त्याने पाहिलं, की गडकऱ्यांच्या रानांचा कारभार गडावरचेच अधिकारी बघतात आणि मुलकी खात्याला त्यात हातच घालता येत नाही. त्याने ती व्यवस्था मोडली आणि ती रानं मामलेदाराच्या ताब्यात दिली. कागदावर पाहिलं तर साधी सुधारणा. गडकऱ्यांनी मात्र तिचा अर्थ बरोबर लावला. आज कारभार गेला, उद्या रान जाणार. त्याच वर्षी सामानगडाचे दरवाजे आतून बंद झाले. पाठोपाठ भुदरगडाचे.

“आपलं सामानगड?” आक्कांनी मान वळवून गड दिसतो त्या बाजूला पाहिलं. मधे पाण्याची टाकी आहे, त्यामुळे तो दिसत नाही.

बेळगावहून फौज आली. पहिल्या प्रयत्नात काही गड हाती लागला नाही. मग जनरल डेलामोट आला, तोफा चढवल्या, आणि 13 ऑक्टोबरला सामानगड पडला. पण तोवर आग कोल्हापुरात पोचली होती. शहरातल्या बंडवाल्यांनी दाजी पंडितालाच कैदेत टाकलं. सातारचा इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हन्स वाटेत सापडला, त्याला पन्हाळ्यावर नेऊन डांबलं. इकडे सावंतवाडीतही उठाव झाला. पन्हाळा 1 डिसेंबरला तोफांनी फोडून घेतला. नंतर इंग्रजांनी गडांचे तट-दरवाजे पाडले, वंशपरंपरागत शिबंदी मोडली. आणि वर या मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच माथी मारला.

“म्हंजे आमचं रान आमचंच काढायचं, आमच्यावर तोफा डागायच्या, आणि बिल आमच्याच राजाला?” आक्कांचा आवाज इतका चढला, की समोरच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडली. आता आक्कांच्या माहेरचे पूर्वज त्या तटावर होते की दरवाजा बंद होण्याआधीच घरी गेले होते, ते त्या कागदात नाही. आक्कांनी मात्र ते तटावरच होते असं त्याच क्षणी ठरवून टाकलं, आणि मी काही बोलले नाही.

“आपल्याकडे तोफा आल्या, बाकी मुंबई इलाख्यात नुसते कारकून आले,” अण्णा म्हणाले. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं. प्रत्येक इनामदाराने सनद दाखवावी. कुणाची वाळवीने खाल्लेली, कुणाची पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गेलेली, कुणाकडे नुसती पिशवी. 1857 च्या आधीच्या चार-पाच वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात आणि आसपास सुमारे 20,000 इनामं गेली असं इतिहासकार सांगतात. लढाईत कमावलेलं रान कारकुनाच्या ‘पुरावा नाही’ या शेऱ्याने जात होतं. जी उरली, त्यांची वर्गवारी झाली. सरंजाम वर्ग एकमध्ये, जात, म्हणजे व्यक्तीला दिलेलं, इनाम दोनमध्ये, देवस्थान तीनमध्ये, आणि महार-रामोश्यांची चाकरीची रानं पार शेवटाकडे, सहा ब. गडाखाली एकाच रात्री जागलेली माणसं कागदावर अशी लांब लांब गेली.

सुभेदारांचा रेडिओ मघाच बंद झाला होता. ते बोलले नाहीत म्हणून ऐकत नव्हते असं नाही. आता ते लुंगी सावरत आले आणि आक्कांच्या खांद्यावरून बोलू लागले.

“पंजाबात बघा. तिकडं तर सरकारनं आख्खा जिल्हाच वसवला. आमच्या ब्रिगेडला शीख पलटण होती. त्येंच्यातल्या एकाचा आजा लायलपूरचा. पेन्शन आली ती जमिनीच्या रूपात.”

ते खरं आहे. चिनाबचा कालवा काढला तेव्हा 1892 पासून तिथली ओसाड जमीन वाटली, आणि त्यात पेन्शनर शिपायांनाही वाटा होता. झेलमच्या कालव्यावर तर आणखी पुढची अट घातली. जमीन हवी तर लष्करासाठी एक घोडी पाळायची. शिंगरू झालं की सरकारचा माणूस येऊन बघणार, चांगलं असलं तर घेणार. घोडी नीट ठेवली नाही तर जमीन जायची. त्यांना घोडीपालच म्हणायचे.

“घोडी मेली तर?” आक्का.

“दुसरी घ्यायची,” सुभेदार म्हणाले. “तेवढ्यासाठी बायकोचं दागिनं बी जायचं. आणि नियम कसले? झाड तोडायचं न्हाई, घर सांगितलं तिथंच बांधायचं, मालक मेला तर थोरल्या पोरालाच मिळणार, थोरला नसला तर सरकारात. 1907 साली ह्याच्यावर कायदाच आणायला निघाले. मग गावच्या गावं उठली. लाला लजपतराय आणि अजितसिंग, दोघांना उचलून मंडालेला धाडलं. पण कायदा काय झाला न्हाई. व्हाइसरॉयनं स्वतः अडवला. का, तर पलटणीतली पोरं त्याच गावांतली. बाप तिकडं शेतात बोंब मारणार आणि पोरगा इकडं बंदूक धरून उभा, हे त्येला परवडत नव्हतं.”

मला सुभेदारांचा हा हिशेब आवडला. 1844 मध्ये आपल्या गडकऱ्यांच्या हातात फक्त गड होता. 1907 मध्ये पंजाबी शिपायांच्या हातात सरकारची बंदूक होती. तेवढ्याने निकाल फिरला. पुढे 1947 ला तेच लायलपूर पाकिस्तानात गेलं. तिथल्या शीख शिपायांच्या नातवंडांनी पूर्व पंजाबात येऊन परत कागद दाखवले, आणि सोडलेल्या रानाच्या मानाने कमीच पदरात पाडून घेतलं.

“तुम्हाला मिळाली का हो जमीन?” मी सुभेदारांना विचारलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

“आर्ज केलेला. दिली एका माळावर. दगडं होती, आणि गाव म्हंतंय आमचं गायरान. ती पोरांनी बघितली बी न्हाई.”

“विकून टाका की.”

“विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी,” अण्णांनी लगेच पूर्ण केलं. “सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन लागलाय. सरकारने दिलेली जमीन. वर नजराणा भरा. परवानगीशिवाय विकलीत तर सरकार परत घेऊ शकतं.”

“म्हंजे म्हाराजांच्या कागदातलंच की,” आक्का म्हणाल्या. “फकस्त ह्येस्नी पहारा लावला न्हाई.”

“पहारा अठ्ठावीस वर्षं केला मी,” सुभेदार म्हणाले, आणि आत गेले.

आक्कांनी थोडा वेळ शेंगांची सालं काढली. मग हळूच भिंतीवर वाकून, अण्णांकडे बघत विचारलं, “तलाठीसाहेब, आता त्या थोरल्याचं म्हणणं खरं काय? इनाम थोरल्यालाच?”

अण्णांनी कप भिंतीवर ठेवला. हा त्यांचा जुना प्रांत. वतनं आणि इनामं रद्द झाली, ती 1950 नंतरच्या दशकात एकेक कायदा होऊन. जात इनामांचा कायदा 1952 चा, महार वतनांचा 1958 चा. चाकरी संपली, थोरल्या पातीचा मानही त्याच्याबरोबर संपला. आणि वतनाची जमीन परत दिली गेली तर ती थोरल्याच्या एकट्याच्या मालकीची होत नाही, कुटुंबात वाटली जाते, असं सुप्रीम कोर्टानेही 1982 मध्ये सांगितलं आहे. “थोरल्याची केस काही फार टिकणार नाही,” अण्णा म्हणाले. “धाकट्यानं तो कागद परत ट्रंकेत ठेवला तरी चालेल. सातबारा आणि जुने फेरफार काढा, त्यावर सगळं ठरेल.”

“आसं? मग मला सोमवारी कशाला बोलावत्यात ओ दोघं बी?”

“कुठे?”

“रजिस्टर कचेरीत. त्या दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत हाय. म्हंत्यात, आक्का, तू फकस्त एक सही कर, हक्कसोड म्हणून. तुला काय, सुभेदाराची पेन्शन हाय.”

मी आणि अण्णांनी एकमेकांकडे पाहिलं. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे, लग्न होऊन किती वर्षं झाली त्याचा प्रश्न येत नाही. ते अण्णांनी समजावून सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सामानगडाच्या दरवाज्याची बुद्धी आली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मी जातो सोमवारी. पण सही मागितली तर म्हंतो, कागदात पहारा लिवलाय. तुम्ही दोघं एकेक रात्र गडावर काढून या. मी शेंगा सोलत बसतो तवर.”

“आणि दोघं गेलेच तर?” अण्णांनी विचारलं.

“थोरल्याच्या गुडघ्याला सामानगड चढतोय व्हय! आणि धाकटा गेला, तर त्याच्या मागनं मी बी जातो. माझा तिसरा हिस्सा हाय नव्हं?”